पुण्याच्या परिसरात घर बांधण्यासाठी भूखंड कसा शोधावा

नोकरीनिमित्त पुण्यात आलेल्या आणि फ्लॅटऐवजी स्वतःच्या जमिनीवर घर बांधू इच्छिणाऱ्या कुटुंबाला शोध सुरू करताच दोन गोष्टी जाणवतात. शहराच्या जुन्या हद्दीत मोकळा भूखंड क्वचितच विक्रीला येतो आणि आला तरी पगारदार माणसाच्या आवाक्यात राहत नाही. शहराबाहेर मात्र प्रत्येक रस्त्यावर प्लॉटिंगचे फलक उभे असतात. टंचाई आणि मुबलकता अशी एकाच वेळी दिसते, कारण फलकांवरच्या कित्येक जागा घर बांधण्यायोग्य भूखंड नसतात. त्या शेतजमिनीचे पाडलेले तुकडे असतात. मागणी जास्त असलेल्या बाजारात घेणाऱ्यावर घाईचा दबाव येतो आणि कागद नंतर पाहू, आधी जागा अडवून ठेवू, असे त्याला वाटू लागते. पुढे दिलेला क्रम ही घाई टाळण्यासाठी आहे: ज्या तपासण्या फुकट किंवा अगदी थोड्या पैशांत होतात त्या आधी करायच्या, खर्चिक तपासण्या मागून करायच्या, आणि पैसे सर्वांत शेवटी द्यायचे.

खर्चाचा अंदाज आणि मोजमाप

जमिनीचा भाव गुंठ्यावर सांगितला जातो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये लिहिलेले असते; एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे गुंठ्यापेक्षा किंचित कमी. दोन गुंठ्यांचा भूखंड सांगितला गेला तर पहिला प्रश्न हाच विचारावा की हे क्षेत्र निव्वळ भूखंडाचे आहे की त्यात अंतर्गत रस्त्याचा वाटा धरलेला आहे. रस्त्याचा वाटा धरून गुंठा मोजण्याची पद्धत या भागात सर्रास आहे, आणि तसे असल्यास प्रत्यक्ष कुंपण घालता येईल अशी जागा बरीच कमी भरते. दोन भूखंडांच्या भावांची तुलना करायची असेल, तर ती नेहमी निव्वळ चौरस फुटांवरच करावी.

किंमत ठरली म्हणजे खर्च ठरला असे होत नाही. उदाहरणादाखल, भूखंडाची किंमत २० लाख रुपये धरली तर साधारण ६ टक्के मुद्रांक शुल्काप्रमाणे १ लाख २० हजार रुपये आणि १ टक्का नोंदणी फी म्हणून २० हजार रुपये लागतात. मुद्रांक शुल्काचा दर जागा महानगरपालिकेत आहे की ग्रामीण हद्दीत यावर बदलतो, आणि नोंदणी फीला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. शुल्काची आकारणी करारातील किंमत आणि शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातील, म्हणजे रेडी रेकनरमधील, किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर होते. त्याशिवाय दलाली, वकिलाची फी, मोजणीची फी, कुंपण, वीजजोड आणि बोअरवेल हे सगळे धरून जमिनीच्या किमतीवर निदान १५ टक्के रक्कम बाजूला ठेवावी, असे माझे मत आहे. कर्ज काढायचे असल्यास बँकेकडे आधीच चौकशी करावी. बिगरशेती नसलेल्या तुकड्यावर बँका घरबांधणीसाठी सहसा कर्ज देत नाहीत, त्यामुळे बँकेचा नकार हीच एक फुकटची तपासणी ठरते.

कोणत्या दिशेला आणि कोणाकडे शोधावे

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिकांच्या बाहेरचा हवेली, मुळशी, मावळ आणि आसपासच्या तालुक्यांचा मोठा भाग त्याच्या अधिकारक्षेत्रात येतो. पूर्वेला वाघोली, केसनंद, लोणीकंद, उरुळी कांचन. उत्तरेला मोशी, आळंदी, चाकण. पश्चिमेला भूगाव, पिरंगुट, सोमाटणे, तळेगाव. दक्षिणेला खेड शिवापूर, नसरापूर आणि दिवे घाटापलीकडे सासवड, या पट्ट्यांत शोध घेतला जातो. यांपैकी काही गावे आता महानगरपालिकेत आहेत. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली, आणि त्यांतील फुरसुंगी व उरुळी देवाची पुढे वेगळी काढण्यात आली. म्हणून जागा आज कोणत्या हद्दीत आहे आणि बांधकाम परवानगी कोण देणार, हे दलालाच्या तोंडून न ऐकता संबंधित कार्यालयातून जाणून घ्यावे.

दिशा निवडताना नोकरीच्या ठिकाणी सकाळच्या वेळी स्वतः जाऊन यावे. रविवारी दुपारी चाळीस मिनिटांत कापलेले अंतर सोमवारी सकाळी दुप्पट वेळ खाते, आणि प्लॉट दाखवायला नेणारी मंडळी रविवारच नेमतात.

शोधाची साधने फलक आणि मोबाइलवरच्या जाहिराती यांपुरती ठेवू नयेत. जुन्या सहकारी गृहरचना संस्थांमध्ये एखाद्या सभासदाचा मोकळा भूखंड किंवा मोडकळीला आलेला बंगला विक्रीला निघतो. अशा जागेचे रेखांकन, म्हणजे भूखंड आणि रस्ते दाखवणारा आराखडा, मंजूर असते, रस्ता आणि पाणी असते, मात्र संस्थेचे ना-हरकत पत्र आणि सभासदत्वाचे हस्तांतरण लागते. पूर्वीच्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाचे भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. ते घेताना मालकी मिळत नाही, भाडेपट्ट्याचा उरलेला कालावधी मिळतो आणि हस्तांतरणाचे शुल्क भरावे लागते, हे समजून घ्यावे. बँका थकीत कर्जापोटी लिलावात काढतात ते भूखंडही पाहावेत, पण त्यांचा ताबा प्रत्यक्ष कोणाकडे आहे हे आधी तपासावे. आणि ज्या गावात राहायचे आहे तिथल्या किराणा दुकानदाराशी, देवळाच्या पारावर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांशी बोलावे. घरगुती कारणासाठी विकायला काढलेली चांगली जागा अनेकदा जाहिरातीपर्यंत पोहोचतच नाही.

नकाशावरची तपासणी

जागा आवडली की विक्रेत्याकडे फक्त तीन गोष्टी मागाव्यात: गावाचे नाव, गट किंवा सर्व्हे नंबर, आणि मंजूर रेखांकनाची प्रत. गट नंबर द्यायला टाळाटाळ होत असेल तर ती जागा तिथेच सोडून द्यावी. गट नंबर हाती आला की महाभूनकाशा या शासकीय संकेतस्थळावर त्या गटाचा आकार, शेजारचे गट आणि रस्त्याची सलगता पाहता येते.

यानंतर त्या गटाचा झोन दाखला, म्हणजे जमीन रहिवास, शेती की अन्य विभागात आहे हे सांगणारा दाखला, आणि भाग नकाशा नियोजन प्राधिकरणाकडून स्वतः अर्ज करून घ्यावा. महानगर प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हजारो हरकती आल्या आणि २०२५ मध्ये राज्य शासनाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. तरीही त्या आराखड्यातील पिवळा, म्हणजे रहिवास विभागाचा, रंग दाखवून जागा विकण्याचे प्रकार होऊ शकतात. मोबाइलवर दाखवलेला रंगीत नकाशा पुरावा नव्हे. शिक्का आणि तारीख असलेला झोन दाखला हाच पुरावा.

नकाशावर पुढील गोष्टी आवर्जून शोधाव्यात. पहिली पूररेषा. नदीकाठी निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते, आणि निळ्या रेषेच्या आत नवे निवासी बांधकाम करता येत नाही. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर मे २०२५ मध्ये पाडण्यात आले. तिथे लोकांनी पैसे मोजून भूखंड विकत घेतले होते, त्यावर आयुष्याची पुंजी घालून घरे बांधली होती, आणि एवढे होऊनही काही वाचले नाही. मला या विषयात याहून महत्त्वाचे उदाहरण माहीत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे डोंगरउतार. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी मिळत नाही, आणि पुणे शहराच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. तिसरी, संरक्षण खात्याचे निर्बंध: देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीच्या दोन हजार यार्डांच्या पट्ट्याला या भागात रेड झोन म्हणतात आणि तळवडे, रुपीनगर, निगडी परिसरातील कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे त्या निर्बंधाखाली राहत आहेत. चौथी, नियोजित प्रकल्प. वर्तुळाकार रस्त्याची आखणी, उच्चदाब वीजवाहिनी, रेल्वेमार्ग हे सारे तपासावे. पुरंदर तालुक्यातील पारगाव, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, उदाचीवाडी आणि वनपुरी ही सात गावे विमानतळासाठी अधिसूचित आहेत. विमानतळ येणार म्हणून भाव वाढणार असे सांगितले जाते, पण संपादनात जाणाऱ्या जमिनीवर घर बांधता येत नाही.

सातबारा वाचणे

सातबाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी असलेली प्रत महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळते. विक्रेत्याने दिलेली छायाप्रत बाजूला ठेवून ही ताजी प्रत काढावी आणि शांतपणे वाचावी. तिच्यात एवढी माहिती असते की निम्म्या जागा याच टेबलावर नाकारता येतात.

सर्वांत वर भूधारणा पद्धती लिहिलेली असते. भोगवटादार वर्ग १ असेल तर धारक जमीन सामान्यतः मुक्तपणे विकू शकतो. भोगवटादार वर्ग २ असेल तर ती जमीन इनामाची, वतनाची, शासनाने दिलेली किंवा अन्य निर्बंधाखालची असते आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. परवानगीसाठी नजराणा, म्हणजे शासनाला द्यायची रक्कम, हीसुद्धा भरावी लागू शकते. त्याखाली धारकांची नावे आणि प्रत्येकाचे क्षेत्र. उजवीकडे 'इतर अधिकार' हा रकाना असतो, आणि नवख्या माणसाची नजर नेमकी तिथेच घसरते. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, कुळकायद्याच्या कलम ४३ चा, म्हणजे कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरील निर्बंधाचा, शेरा, धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी राखीव असल्याची नोंद, न्यायालयातला दावा, तुकडेबंदीचा शेरा, हे सारे त्याच रकान्यात असते. मावळ, मुळशी, खेड या तालुक्यांत धारक आदिवासी असल्याचा शेराही आढळतो. अशी जमीन बिगरआदिवासी व्यक्तीला शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. सातबाऱ्यावर प्रलंबित फेरफार, म्हणजे हक्कातील बदलाची अजून मंजूर न झालेली नोंद, दिसत असेल तर तो कशाचा आहे हे कळेपर्यंत पुढे जाऊ नये.

आता बिगरशेतीची गोष्ट. जाहिरातीत 'आर झोन', 'प्रपोज्ड एनए', 'एनए टाइप' असे शब्द सापडतात. एनए म्हणजे बिगरशेती. आर झोन म्हणजे जमीन रहिवास विभागात आहे एवढेच. तिचे रेखांकन मंजूर झाले, रस्ते आखले गेले, भूखंड वेगळे झाले असा त्याचा अर्थ नाही. खरोखर बिगरशेती झालेल्या भूखंडाचा सातबारा वेगळाच दिसतो: क्षेत्र आर व चौरस मीटरमध्ये असते आणि गाव नमुना १२, म्हणजे पिकांची नोंदवही, या क्षेत्रासाठी आवश्यक नसल्याची सूचना खाली छापलेली असते. सातबाऱ्यावर खरीप-रब्बीची नोंद दिसत असेल तर ती जमीन शेतीचीच आहे. मंजूर रेखांकनानंतर भूमी अभिलेख कार्यालय कमी-जास्त पत्रक तयार करते आणि त्यानुसार प्रत्येक भूखंडाचा स्वतंत्र सातबारा होतो. तो स्वतंत्र सातबारा झाला आहे का, हा प्रश्न मोघम न विचारता कागद समोर ठेवूनच विचारावा.

याउलट चित्र असे असते: एकाच गटाच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस अनोळखी आडनावे ओळीने लिहिलेली, प्रत्येकापुढे एक-दोन आरांचे क्षेत्र, आणि कोणाचा तुकडा नेमका कुठे याची नोंद कुठेच नाही. धारण जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९४७ चा आहे. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असे कमी करण्यात आले, त्यामुळे चार-पाच अनोळखी माणसांनी मिळून अकरा गुंठे घेऊन आपापसांत वाटून घेण्याची पद्धत बोकाळली. अशा खरेदीत हाती सामाईक हिस्सा पडतो. बांधकाम परवानगी, कर्ज, पुढची विक्री या प्रत्येक वेळी इतर हिस्सेदारांची संमती लागते आणि त्यातला एक जरी रुसला तरी काम अडते. शिवाय ती शेतजमीन असेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला ती परवानगीशिवाय सामान्यतः घेता येत नाही. जुन्या तुकड्यांना नियमित करण्यासाठी शासनाने वेळोवेळी सवलती दिल्या आहेत, पण उद्या सवलत मिळेल या भरवशावर आज घरासाठी जागा घेणे मी कोणालाही सुचवणार नाही.

ग्रामपंचायतीच्या कागदांबद्दलही सावध राहावे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. कर भरला म्हणजे मालकी सिद्ध होत नाही. तसेच महानगर प्राधिकरणाच्या क्षेत्रात बांधकाम परवानगी प्राधिकरण देते, त्यामुळे 'ग्रामपंचायतीची परवानगी काढून देतो' हे आश्वासन निरुपयोगी आहे.

प्रत्यक्ष जागेवर

कागद बरे वाटले की जागेवर जावे, आणि शक्य असेल तर पावसाळ्यात एकदा तरी जावे. भूखंडाकडे जाणारा रस्ता मंजूर रेखांकनात आहे का, तो सार्वजनिक रस्त्याला मिळतो का, की शेजारच्या शेतकऱ्याने तोंडी दिलेल्या वाटेवरून जावे लागते, हे पायी चालून पाहावे. ओढ्याचा मार्ग बुजवून सपाटीकरण केलेले अनेकदा ओळखता येते: मुरूम नवा असतो, पण वरच्या बाजूला ओढा ठळक दिसतो आणि खालच्या बाजूला पुन्हा दिसू लागतो. मधला भाग ज्याच्या वाट्याला येईल त्याच्या जोत्यात पाणी शिरणार. शेजारी राहणाऱ्या एखाद्या गृहस्थांना विचारावे, "काका, जुलैत या रस्त्यावर पाणी कुठपर्यंत येतं? उन्हाळ्यात टँकर लागतो का?" या दोन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसतात. बोअरवेल किती खोल गेली आणि मे महिन्यात तिला पाणी राहते का, हेही तिथेच विचारावे.

रोवलेल्या चुन्याच्या रेषांवर किंवा सिमेंटच्या खांबांवर विसंबू नये. भूमी अभिलेख विभागाने मोजणी करून दिलेला 'क' प्रतीचा नकाशा मागावा आणि जागेवरच्या खुणा त्याच्याशी ताडून पाहाव्यात. असा नकाशा नसेल तर विक्रेत्याने मोजणी करून द्यावी ही अट व्यवहारात घालावी.

वकील, इसार आणि खरेदीखत

इथपर्यंत टिकलेल्या जागेसाठीच वकिलावर खर्च करावा. वकील तुमचा हवा. विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला नको. त्याच्याकडून जमिनीच्या मालकीचा निदान ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा, जुने फेरफार काढून पाहावेत, आणि वडिलोपार्जित जमीन असल्यास वारसांची यादी पूर्ण आहे का हे पाहावे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आहे, आणि बहिणीचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसलेल्या जागा वर्षानुवर्षे दाव्यांत अडकून पडतात. त्यानंतर दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्यात. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे कोणी विकत असेल तर ते पत्र नोंदणीकृत आहे, रद्द झालेले नाही आणि मूळ मालक हयात आहे, याची मूळ मालकाला प्रत्यक्ष भेटून खात्री करावी.

विकसकाकडून भूखंड घेत असाल तर महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण, याच्याकडचा नोंदणी क्रमांक तपासावा. २०१६ च्या कायद्यानुसार ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त भूखंडांच्या प्रकल्पाला ही नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकसकाला घेता येत नाही. नोंदणीच्या पानावर मंजूर रेखांकन आणि प्रकल्पावरचे दावे पाहायला मिळतात; ते वाचावेत.

"उद्या दुसरी पार्टी येणार आहे, आज टोकन द्या" असे ऐकावे लागेलच. टोकन द्यायचेच असेल तर छोटी रक्कम धनादेशाने द्यावी आणि कागद स्पष्ट न निघाल्यास ती परत मिळेल असे लिहून घ्यावे. पुढे साठेखत, म्हणजे विक्रीचा आगाऊ करार, नोंदणीकृत करावे, सगळी रक्कम बँकेमार्फत द्यावी, आणि किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास १ टक्का आयकर कापून भरावा. किमतीचा काही भाग रोखीने मागितला जाईल. तो देऊ नये, कारण व्यवहार फिसकटल्यास त्या रकमेचा कोणताही पुरावा हाती उरत नाही.

खरेदीखतात भूखंड क्रमांक, निव्वळ क्षेत्र, चतुःसीमा आणि रस्त्याचा वहिवाटीचा हक्क नेमकेपणाने लिहिलेला असावा, आणि मंजूर रेखांकनाची प्रत सोबत जोडलेली असावी. नोंदणी झाली की सूची क्रमांक २ ची, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, प्रत घ्यावी. फेरफाराची नोंद घातली गेली का, याची ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडे, चौकशी करावी. नोटिशीची मुदत संपून मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केल्यावर स्वतःच्या नावाचा सातबारा काढून ठेवावा. त्यानंतर लगेच हद्दीवर तारेचे कुंपण घालावे, नावाचा फलक लावावा, आणि घराचे काम दोन-तीन वर्षांनी सुरू करायचे असले तरी दर काही महिन्यांनी जागेवर चक्कर मारून सातबाऱ्याची ताजी प्रत काढत राहावी.